साडेदहा कोटींत सत्तर

कुशीतून जांघेकडे कळ सुटली की माणूस धड बसत नाही, धड आडवा होत नाही. नेमक्या त्याच वेळी 'हात डोक्यावर घ्या, श्वास रोखा' हे ऐकत सीटीच्या टेबलावर काही सेकंद ओंडक्यासारखं पडून राहायचं. आपली परीक्षा एवढीच. पुढची यंत्राची.

मूत्रपिंडांपासून मूत्राशयाच्या खालपर्यंतचा पट्टा साधारण ४० सेंटिमीटरचा. त्याचे १ मिलिमीटर जाडीचे काप धरले तर झाले ४००. एकेका कापाचं चित्र ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २,६२,१४४ ठिपक्यांचं. सगळे मिळून जवळपास साडेदहा कोटी, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे शरीराचा एक इवलासा ठोकळा. आता ज्यानं रात्रभर गडाबडा लोळवलं, तो ४ मिलिमीटरचा मुतखडा यातले किती ठोकळे अडवतो? चित्राची रुंदी ३५ सेंटिमीटर धरून मी कागदावर मांडून पाहिलं. जेमतेम ७०! लाखात एक म्हणायची आपली पद्धत. हे महाशय पंधरा लाखांत एक.

तरी ते लपत नाहीत. यंत्र प्रत्येक ठोकळ्याला घनतेचा आकडा देतं: हवा उणे १०००, पाणी ०, मूत्रपिंड ३० च्या आसपास. कॅल्शियम ऑक्झलेटचा टणक खडा बरेचदा हजाराच्याही पुढे जातो. युरिक ॲसिडचा बहुधा ५०० च्या आत राहतो. साध्या एक्स-रेला तो हुलकावणी देतो, इथे सापडतो. या मोजणीला गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांचं नाव आहे. १९७१ मध्ये लंडनला त्यांच्या यंत्रानं पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला, तेव्हा एका कापात ठिपके होते ६,४००.

हे फुकट मिळत नाही. पोटाच्या नेहमीच्या सीटीत साधारण १० मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग अंगात जातो. निसर्गाकडून तेवढा मिळायला सरासरी चार वर्षं लागतात. खड्यासाठी कमी मात्रेचा सीटी ३ च्या आसपास भागवतो. तो होत असेल तर मागून घ्यावा, संकोच कसला?

आणि ७० ठोकळ्यांचं कौतुक वाटत असेल, तर धुळ्याचा आकडा ऐका. २७ जानेवारी २००९ रोजी डॉ. आशिष रवंदळे-पाटील यांनी एका रुग्णाच्या एकट्या डाव्या मूत्रपिंडातून १,७२,१५५ खडे काढले. गिनेस बुकात नोंद आहे. सेकंदाला एक या वेगानं, न झोपता मोजायला बसलं, तरी जवळजवळ ४८ तास लागतील.