एका सामन्याचा हंगाम

पावसाळा सरला की महाविद्यालयांच्या फलकावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वेळापत्रक लागते. कबड्डीच्या यादीपुढे गर्दी असते, फुटबॉलपुढे दोन-चार पोरे. आम्ही मात्र तिथेच थांबतो. कधीकाळी आम्हीही त्या संघात होतो.

संघ कसला, पंधरा जण आणि बुटांच्या नऊ जोड्या! निम्मे नागसेनवनातल्या वसतिगृहातले, खेड्यातून आलेले. निम्मे आमखास मैदानावर वाढलेले मुस्लिम मोहल्ल्यांतले. कॉर्नर कोणी मारायचा यावरून हमरीतुमरी व्हायची, जातधर्मावरून कधी झाली नाही. महिनाभर पहाटे पळालो, पहिल्याच सामन्यात एका गोलने हरलो, आणि वर्षाचा हंगाम संपला! बाद पद्धत म्हणजे हेच. ज्याला शाळेत कधी मैदान मिळाले नाही, त्याला महाविद्यालयातही दीड तासच मिळतो. त्या दीड तासात निवड समितीच्या डोळ्यांत भरला तर विद्यापीठाचा संघ, नाहीतर घरी.

विद्यापीठाचा संघ पुढे पश्चिम विभागात उतरतो. तिथे महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातली विद्यापीठे असतात. पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. आमच्या पोरांच्या छातीवर तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव असते. 1978 च्या ठरावापासून 1994 च्या नामविस्तारापर्यंत त्या नावासाठी घरे जळाली, माणसे गेली. ते नाव घेऊन परराज्यात खेळायला जाणाऱ्या पोराकडे धड बूट आहेत का, हे चळवळीने कधी विचारले? जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते, मग चेंडूला का निघू नये?

खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे आपल्यातलेच काही म्हणतात. त्यांनी पळवणकर बाळू आठवावेत. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या चर्मकार गोलंदाजाला पुण्यात मात्र चहा वेगळ्या भांड्यात, बाहेर मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिलेच नाही. 1923 मध्ये ते धाकट्या विठ्ठलला मिळाले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलवर आणले. नागराज मंजुळेंचा 'झुंड' 2022 मध्ये आला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. आपल्या गावात मैदान कोण आखणार?

शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण त्याला ठरावीक स्पर्धेतले पदक लागते, आणि एका सामन्यात पदकाचा खेळाडू घडत नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे. संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांत बाद फेरीआधी साखळी सामने घ्या. हरणाऱ्या संघालाही चार-पाच सामने मिळू द्या. विद्यापीठाने प्रवासखर्च द्यावा. जेवणाची सोय नागसेनवनाचे माजी विद्यार्थी करू शकतात.

आमच्या घरी आठ नंबरच्या बुटांच्या दोन जोड्या पडून आहेत. तळ थोडे झिजलेत, शिलाई शाबूत आहे. वसतिगृहातल्या ज्याला बसतील त्याने घेऊन जावेत.