भिंतीचे भोक आणि लांब बिटाची निवड

व्याख्यानमालेत साहित्य, अर्थकारण, विज्ञान असे भारदस्त विषय यावेत आणि त्यांच्या पंक्तीला भिंतीला भोक पाडण्याच्या बिटाने येऊन बसावे, हे काहींस विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु विजेवर चालणारे ड्रिल मशीन आता मध्यमवर्गीय घरात शिवणयंत्राइतकेच परिचयाचे झाले आहे. तसबीर टांगणे, फळी बसविणे, पडद्याची दांडी लावणे ही कामे गृहस्थ आपल्या हाताने करू लागला आहे, आणि ही गोष्ट आम्हांस स्वागतार्ह वाटते.

अडचण येते ती भोक भिंतीच्या आरपार न्यायचे असते तेव्हा. इंटरनेटची तार बाहेरून आत घ्यायची आहे, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची नळी मोरीपर्यंत न्यायची आहे, वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी बाहेर सोडायचे आहे. या कामांना पेटीतले नेहमीचे आखूड बिट पुरत नाही. मग गृहस्थ दुकानात जातो आणि "असेल त्यातले सर्वांत लांब द्या" असे सांगून मोकळा होतो. बिटाची लांबी दुकानदाराच्या कपाटाने नव्हे तर आपल्या भिंतीने ठरवावी, आणि तीही लागते त्याहून फार अधिक नसावी, एवढाच आमच्या विवेचनाचा मथितार्थ आहे.

प्रथम हे बिट काम कसे करते ते पाहू. सुताराचे गिरमिट लाकूड कापीत जाते. त्याच्या तोंडून ढलप्या निघतात. विटेला किंवा काँक्रीटला असे कापता येत नाही. ती चिरडावी लागते, आणि झालेला भुगा बाहेर काढावा लागतो. म्हणून भिंतीच्या बिटाला दोन अंगे असतात. टोकाला टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची चकती डाखलेली असते. ती चिरडण्याचे काम करते. मागच्या पोलादी दांड्यावर मळसूत्री चर असतात. ते भुगा मागे ओढतात. टोकाची चकती दांड्याहून किंचित रुंद असते, त्यामुळे दांडा भोकात घासत नाही. झिजून ही रुंदी गेली की बिट अडकू लागते, आणि तापते. अशा वेळी त्यावर पाणी ओतण्याचा मोह आवरावा. तापलेले कार्बाइड एकाएकी थंड केल्याने त्यास तडा जातो. ते हवेतच निवू द्यावे.

हे कार्बाइड जर्मनीत १९२३ च्या सुमारास सिद्ध झाले आणि पुढे 'विडिया' या नावाने बाजारात आले. हिऱ्यासारखे, अशा अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ते नाव घडविलेले आहे. त्यापूर्वी गवंडी टोचा आणि हातोडी घेऊन भोक पाडीत असे. भिंतीत खिळा धरून ठेवणारी रावळप्लगची युक्ती इंग्लंडात जॉन रॉलिंग्ज यांनी १९११ च्या सुमारास काढली. त्यांच्याच आडनावावरून आपल्याकडे हा 'रावळ' आला. नायलॉनचा प्लग जर्मनीत आर्थर फिशर यांनी १९५८ मध्ये केला. या प्लगांना साधारण ४ ते ६ सेंटिमीटर खोल भोक पुरते. तसबिरीसाठी किंवा फळीसाठी लांब बिट घेण्याचे काहीच कारण नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आता लांबीचा हिशेब करू. आपल्याकडील जुन्या पद्धतीची बाहेरची भिंत बहुधा नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरांची असते. तीवर आतून सुमारे १२ आणि बाहेरून सुमारे २० मिलिमीटर गिलावा धरला, तर एकूण जाडी २६२ मिलिमीटर झाली. दुकानात ३१० मिलिमीटरांचे बिट मिळते. ३१० हा आकडा २६२ हून मोठा, तेव्हा काम भागेल असे कोणासही वाटेल. परंतु ३१० ही टोकापासून शेपटापर्यंतची सबंध लांबी होय. तीतला सुमारे ६० मिलिमीटरांचा भाग मशीनच्या तोंडात आणि त्यालगत राहतो. भिंतीत जाणारी लांबी २५० च राहते. बारा मिलिमीटरांनी काम अडते! त्याच्या पुढचे बिट साधारणपणे ४६० चे, कामाची लांबी ४०० असलेले मिळते. आतल्या साडेचार इंची भिंतीची जाडी गिलाव्यासह सुमारे १४० मिलिमीटर असते. तिला २१० चे, कामाची लांबी १५० असलेले बिट नेमके पुरते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी खिडकीच्या किंवा दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी पट्टीने मोजावी, आणि बिटावरील दोन आकड्यांपैकी कामाची लांबी कोणती हे विचारून घ्यावे.

मग ४६० चे घेतले की प्रश्न सुटला काय? पूर्णपणे नाही, कारण लांबीची किंमत वाकण्यात मोजावी लागते. एका टोकाला धरलेल्या दांड्याची लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच आडव्या जोराने तो आठपट वाकतो. उलट त्याची जाडी दीडपट केली, तर वाक सुमारे पंचमांश होतो. तेव्हा भोक ६ मिलिमीटरांचे पुरत असले, तरी हातभर लांबीचे बिट १० किंवा १२ मिलिमीटरांचे घ्यावे, हे शहाणपणाचे. हात तिरका झाल्याचा परिणामही लांबीबरोबर वाढतो. पाच अंशांची चूक ५ सेंटिमीटर खोल भोकात जेमतेम चार मिलिमीटरांची राहते; तीच २६२ मिलिमीटरांच्या भिंतीपलीकडे २३ मिलिमीटरांची होते आणि भोक भलत्याच ठिकाणी निघते. यावर उपाय साधा आहे. आरंभ आखूड बिटाने करावा, भिंतीला गुण्या लावून दिशा पाहावी, आणि सात-आठ सेंटिमीटर खोल गेल्यावर तेच भोक लांब बिटाने पुढे न्यावे. पहिले भोक दुसऱ्या बिटाला वाट दाखविते. लांब बिट भिंतीबाहेर मोकळे असताना मशीन वेगात सुरू करणे मात्र धोक्याचे; ते चाबकासारखे हेलकावते.

बिट घेण्याआधी मशीनही पाहावे. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बारीक ठोके देतात. जोर बहुतेक माणसाचाच लागतो. त्याच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये गोल शेपटाचे बिट बसते, आणि बिट लांब असले तर ते जबड्यांत फिरून निसटू लागते. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबाने धावणारा दट्ट्या बिटाच्या शेपटावर ठोके घालतो. त्याची बिटे खाचांच्या शेपटाची असतात. ही 'एसडीएस' पद्धत १९७५ पासूनची. एका जातीचे बिट दुसऱ्या जातीच्या मशीनमध्ये बसत नाही. नऊ इंची भिंतीच्या आरपार कामाला रोटरी हॅमरच योग्य होय. वर्षातून एकदा लागणारे हे यंत्र विकत घेण्यापेक्षा एका दिवसापुरते भाड्याने आणणे बरे. त्यावर अंगाचा भार टाकू नये. ठोके यंत्राला घालू द्यावेत आणि अधूनमधून बिट मागे ओढून भुगा झाडावा. बाजूची मूठ लावल्यावाचून काम करू नये, कारण बिट एकदम अडकले तर मशीन उलटे फिरून मनगट मुरगळते.

भिंतीभिंतींतही भेद आहे. भाजलेली वीट आणि कोकणातला जांभा सहज वाट देतात. सिमेंटच्या हलक्या ठोकळ्यांच्या आणि पोकळ विटांच्या भिंतीत ठोका बंद ठेवून नुसते फिरवावे. नाही तर मागची बाजू फुटते. फरशीवरही तसेच, निदान फरशी भेदली जाईपर्यंत. वाड्यांच्या जाड भिंतींत काळा दगड आणि मातीची भर अशी सरमिसळ असते. तेथे लांब बिट दगडाच्या कडेवरून घसरून मऊ मातीकडे वळते. अशा भिंतीची जागा बदलून पाहावी, किंवा ते काम जाणत्या गवंड्यावर सोपवावे.

आतापर्यंतच्या चुका पैशाने भरून येतील. आता सांगतो त्या येणार नाहीत. काँक्रीटच्या बीम आणि कॉलममध्ये लोखंडी सळया पृष्ठभागापासून अडीच ते चार सेंटिमीटरांवर असतात. आखूड बिट कदाचित त्यांच्या अलीकडे थांबेल. लांब बिट थांबणार नाही. भोक पाडताना ठोक्याचा आवाज खणखणीत झाला आणि बिट पुढे सरकेना, की सळई आली असे समजावे आणि ती कापण्याचा हट्ट न धरता काम सोडून द्यावे. कॉलम केवळ आपल्या खोलीचा नसतो. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांचाही भार तो वाहतो. आरपार भोक बीम-कॉलममधून नेऊच नये.

तीच गोष्ट विजेच्या तारांची. भिंतीतल्या तारा बहुधा बटणांच्या फळीपासून सरळ वर, खाली किंवा आडव्या गेलेल्या असतात. त्या रेषा टाळाव्यात, नळांच्या रेषाही टाळाव्यात. जुन्या घरात या नियमाचा भरवसा नसतो, म्हणून तारा शोधणारे छोटे यंत्र फिरवून पाहावे आणि त्या भागाचा प्रवाह बंद करून मशीन दुसरीकडच्या प्रवाहावर किंवा बॅटरीवर चालवावे. विटेच्या आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसांना अपायकारक आहे. नाकावर चांगला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. भिंतीपलीकडे कोणी उभे नाही, हेही पाहून यावे.

शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर राहिले की जोर कमी करावा, म्हणजे पलीकडचा गिलावा ढपला होऊन पडत नाही. भोक आतून बाहेर पाडावे आणि बाहेरचे तोंड सुमारे एक सेंटिमीटर खाली राहील असा उतार द्यावा. हा उतार दिला नाही, तर जूनमध्ये पाऊस त्याच वाटेने घरात येतो. बाहेर तारेला थोडा झोळ सोडावा आणि उरलेली फट पाण्याला न विरघळणाऱ्या लांबीने बुजवावी.

मोजपट्टी, गुण्या, आखूड बिट आणि मग लांब बिट, हा क्रम सांभाळला तर साधारण गृहस्थासही हे काम साधते. भिंतीचा विचार आधी आणि खरेदी नंतर, एवढे पथ्य पाळावे. पाडलेले भोक बुजविता येते, पण कापलेली सळई बुजविण्याने सांधत नाही. म्हणून जेथे शंका येईल तेथे मशीन खाली ठेवून जाणत्यास बोलावण्यात कमीपणा मानू नये.