मुळांच्या टोकांवरचा हिशेब

नेदरलँड्समधल्या वेलुवेच्या पाइन जंगलातली माती भिजवून चाळणीवर घ्यायची आणि पाण्याची बारीक धार सोडायची. वाळू निघून जाते, केसांसारखी मुळे उरतात. ती काचेच्या बशीत पसरून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक टोक तपासायचे. पाइनची टोके दोन फाट्यांची, आणि जवळजवळ प्रत्येकावर बुरशीचे आवरण. हाच मायकोरायझा. झाड साखर पुरवते. बुरशी नत्र, स्फुरद आणि पाणी आणून देते.

पाहून पाहून नजर बसते. काळेभोर, ताठ केसांचे टोक सीनोकोकम या बुरशीचे. गुळगुळीत, तुकतुकीत टोक बहुधा लॅक्टेरियसचे. पिवळेजर्द धागे पिलोडर्माचे, तर पांढऱ्या लोकरी दोरांचा गुंता कॉर्टिनेरियसचा. शिक्कामोर्तब डीएनएच करतो, म्हणून चिमट्याने टोक खुडून नळीत ठेवायचे. इथल्या मातीत काळी आणि तुकतुकीत टोकेच पुन्हा पुन्हा समोर येतात. पिवळे सापडले की हात थांबतो.

पिवळी टोके विरळ होण्याचे कारण जंगलाबाहेर आहे. भोवतालच्या गोठ्यांतल्या शेणमुतातून उडणारा नत्रयुक्त अमोनिया जंगलावर उतरतो. कॉर्टिनेरियस कुजलेल्या पाल्यात अडकलेले नत्र विकरांनी सोडवून आणतो. या कामाला साखर फार लागते. नत्र वरूनच मिळू लागल्यावर झाड हात आखडते आणि अशा खर्चिक बुरशा हटतात. थोडक्यात भागवणाऱ्या त्यांची जागा घेतात. टोके मढलेलीच राहतात, पण दूरवर जाऊन पाल्यातून पोषण काढणाऱ्या बुरशा कमी होतात.

युरोपातल्या 20 देशांतील 137 ठिकाणच्या मुळांचा मोठा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. हेक्टरी वर्षाला 5 ते 6 किलो नत्र पडले, की बुरशांचा समुदाय बदलू लागतो, असे त्यात दिसले. नेदरलँड्सची सरासरी 20 किलोंच्या आसपास आहे. 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नत्र-उत्सर्जनाच्या परवान्यांची व्यवस्था रद्द ठरवली. तेव्हापासून गुरे किती ठेवायची हा राजकारणाचा प्रश्न झाला आहे.

पाइनच्या राईत नत्र साचलेला पाल्याचा थर खरवडून काढण्याचे प्रयोगही डच संशोधकांनी केले. तिथे भूछत्रांच्या जाती वाढल्या. पण वरून नत्र पडतच राहिले, तर नवा थरही तसाच साचणार. खरवडणी जंगलात होऊ शकते. नत्र मात्र गोठ्यापाशीच रोखावे लागेल.