न्यू ऑर्लीन्स: चव, चित्रे आणि सूर

अमेरिकेच्या दक्षिणेतील न्यू ऑर्लीन्सला मुलाबाळांसह जाणार असाल, तर भूक राखून जा. पण विचारल्याशिवाय खाऊ नका. तिथल्या गंबो नावाच्या रश्श्यात बहुधा डुकराच्या मांसाचे सॉसेज असते, राजमा-भातातही तेच. नुसत्या कोळंबीचा गंबो असला तरी रस्सा कशाचा, हे विचारावेच. आम्ही दर ठिकाणी विचारले. कुणी कपाळाला आठी घातली नाही. पिठीसाखरेत बुडालेले बेन्ये, तळणाची खात्री करून, मुलांनी फस्त केले. चिकोरीची दुधाळ कॉफी आम्हा मोठ्यांची.

जॅक्सन स्क्वेअरच्या कुंपणाला चित्रकार चित्रे टांगून बसतात. घ्यायचे नसले तरी बघत उभे राहावे.

संगीतासाठी बारमध्येच जावे लागते असे नाही. १९६१ पासूनच्या प्रिझर्वेशन हॉलमध्ये मुलांनाही प्रवेश आहे. मात्र त्याआधी काँगो स्क्वेअर पाहा. गुलाम केलेले आफ्रिकी लोक रविवारी इथे जमून ढोल वाजवत. जॅझची मुळे इथवर पोचतात. लुईझियानात आणलेल्या गुलामांत सेनेगल-गांबियाकडचे पुष्कळ होते, त्यांत मुसलमानही होते. हे ऐकल्यावर अब्बा तिथल्या ओकच्या सावलीत बराच वेळ बसून राहिले.