टीव्ही बोलायला शिकवत नाही

‘व्हिडिओ लावून द्यायला लागल्यापासून किती भराभर शब्द उचलतोय बघा!’ दोन वर्षांखालच्या मुलांच्या आईबाबांकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं, की आता त्याला नीट उत्तर द्यायलाच हवं. पुरावा म्हणून लगेच मुलाला पुढे उभं केलं जातं. तो ‘ए फॉर ॲपल’ म्हणतो, रंगांची इंग्रजी नावं घडाघडा सांगतो. मात्र तहान लागली की आईचा हात धरून तिला माठाकडे ओढत नेतो. ‘पाणी’ काही म्हणत नाही. ऐकलेलं परत म्हणणं वेगळं आणि आपल्याला हवं ते समोरच्याला सांगणं वेगळं. दुसरी गोष्ट मूल माणसांत राहूनच शिकतं.

हे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेत पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग घ्या. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना त्यांनी १२ बैठकांत चीनची मँडरीन भाषा ऐकवली. काही बाळांसमोर मँडरीन बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, खेळली, पुस्तकं वाचून दाखवू लागली. काहींना त्याच माणसांचं तसंच बोलणं पडद्यावर दाखवलं. माणसांशी खेळलेल्या बाळांना त्या भाषेतले उच्चारांचे बारीक फरक ओळखता येऊ लागले. पडद्यासमोरची बाळं, ती भाषा कधीच न ऐकलेल्या बाळांइतकीच कोरी राहिली.

‘पण आमचा शिकतोय ना, आम्हाला दिसतंय!’ असं यावर म्हटलं जातं. हेही तपासून झालंय. ज्युडी डीलोश यांच्या गटाने २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना शब्द शिकवणारी एक खपाची डीव्हीडी महिनाभर दाखवली. ती पाहणारी मुलं न पाहणाऱ्यांपेक्षा जास्त शब्द शिकली नाहीत. सर्वांत जास्त शब्द शिकली ती, ज्यांच्या आईबाबांना फक्त शब्दांची यादी देऊन ‘तुमच्या पद्धतीने शिकवा’ असं सांगितलं होतं. आणि ज्या पालकांना ती डीव्हीडी आवडली होती, त्यांना आपलं मूल तिच्यातून खूप शिकलं असं वाटत होतं. बाळांसाठीच्या ‘बेबी आइनस्टाइन’ या प्रसिद्ध डीव्हीडी मालिकेचे पैसे परत देण्याची तयारी डिस्ने कंपनीला २००९ मध्ये दाखवावी लागली होती. तरीही ‘बुद्धी वाढवणारे’ व्हिडिओ आजही तितक्याच विश्वासाने लावले जातात, याचा खरोखर राग येतो.

पडद्याला जमत नाही आणि आजीला सहज जमतं, असं काय आहे? बाळ पंख्याकडे बघतं आणि आजी म्हणते, ‘पंखा! फिरतोय ना गरगर?’ मग ती थांबते. बाळ काहीतरी ‘बबब’ करतं, तिला ते उत्तर वाटतं, ती पुढे बोलते. या देवाणघेवाणीतून भाषा येते. व्हिडिओ कुणाच्याही उत्तरासाठी थांबत नाही. म्हणूनच दूर राहणाऱ्या आजीशी केलेला व्हिडिओ कॉल वेगळा ठरतो. दोन-अडीच वर्षांची मुलं अशा थेट संवादातून नवे शब्द शिकतात, हे २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनेही दोन वर्षांखालच्या मुलांना पूर्ण पडदाबंदी सांगताना नातेवाइकांच्या अधूनमधून केलेल्या व्हिडिओ कॉलला सूट दिली आहे.

याच गैरसमजाचा दुसरा अवतार म्हणजे ‘आम्ही त्याला दाखवत नाही, टीव्ही नुसता चालू असतो.’ संध्याकाळी सात ते दहा मालिका सुरू आणि बाळ तिथेच गालिच्यावर खेळतंय, हे चित्र घरोघरचं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डिमिट्री क्रिस्टाकिस यांच्या गटाने लहान मुलांच्या अंगावर दिवसभर ध्वनिमुद्रक लावून मोजलं. टीव्ही ऐकू येण्याच्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सरासरी ७७० ने कमी झाले होते. टीव्ही चालू असला की घरातली माणसंच कमी बोलतात. नुकसान तिथे आहे. कुणी बघत नसेल तेव्हा टीव्ही बंद, एवढा एक नियम केला तरी पुष्कळ साधतं. मालिका बाळ झोपल्यावर बघता येतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘कार्टूनशिवाय जेवतच नाही’: भुकेलं निरोगी मूल जेवतं, पडद्याच्या नादात पोट भरल्याचं त्याला कळत नाही, इतकंच. ‘जवळून पाहिल्याने डोळे जातात’: डोळे थकतात, कायमचे बिघडत नाहीत, पण मूल सारखं टीव्हीला चिकटत असेल तर त्याला लांबचं दिसतं का, ते तपासा. ‘टीव्ही बघता बघता छान झोपतो’: उलट झोप लागायला उशीर होतो. ‘टीव्हीमुळे ऑटिझम होतो’: होत नाही. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ असं निदान कोणत्याही मान्य वैद्यकीय वर्गीकरणात नाही, आणि आधीच खचलेल्या आईवर हा ठपका ठेवणं क्रूरपणाचं आहे.

‘टीव्ही म्हणजे विषच’ हेही खरं नाही. तीन वर्षांपुढची मुलं चांगल्या कार्यक्रमातून शिकू शकतात. १९६९ पासून चालू असलेला अमेरिकेतला ‘सेसमी स्ट्रीट’ शिक्षणतज्ज्ञांनी मुलांसमोर तपासून घडवला. त्याची भारतीय आवृत्ती ‘गली गली सिम सिम’ २००६ मध्ये आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला, त्याहून कमी तर उत्तमच. तो वेळ एकत्र बसून घालवा, ‘आता काय होईल रे?’ असं विचारा, ठरलेला भाग संपला की बंद करा. मूल रडेल. रडू द्या, जवळ घ्या, पुन्हा लावू नका.

आणि दोन वर्षांचं होऊनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर ‘टीव्ही बंद केला की बोलेल’ म्हणत सहा महिने थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आधी ऐकण्याची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतल्या मुलांची अशी तपासणी आणि पुढचे उपचार मोफत होतात.