मोजक्या भांड्यांचे स्वयंपाकघर

वरण, भात, पोळी किंवा भाकरी, एक भाजी, तोंडी लावायला कोशिंबीर किंवा चटणी, सकाळचा चहा आणि तापवलेले दूध. बहुतेक मराठी घरांत आठवड्याचे सहा दिवस एवढाच स्वयंपाक होतो. एवढ्या कामाला एक कुकर, दोन तवे, दोन कढया, तीन पातेली, परात, पोळपाट-लाटणे, विळी किंवा सुरी, मिक्सर आणि ओंजळभर लहानसहान साधने पुरतात. बाकीची भांडी सणावाराला लागतात किंवा आहेरात आलेली असतात, आणि वर्षभर माळ्यावर राहतात. नवा संसार थाटताना बारा-पंधरा भांड्यांचा तयार संच घेण्याची पद्धत आता रूढ झाली आहे, पण संचातली निम्मी मापे त्या घराच्या कामाची नसतात. आधी रोज काय शिजते, किती माणसांसाठी शिजते आणि गॅसवर शिजते की इंडक्शनवर, हे ठरवावे. मग एकेक भांडे हातात घेऊन निवडावे.

पहिला प्रश्न धातूचा. स्टेनलेस स्टील गंजत नाही, आंबट पदार्थांनी बिघडत नाही, घासायला सोपे असते. पण उष्णता पसरवण्यात ते फार मागे आहे. ॲल्युमिनियम स्टीलच्या सुमारे १५ पट आणि तांबे सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे पातळ स्टीलच्या पातेल्याखाली ज्योतीचे कडे जिथे भिडते, तेवढीच जागा तापते. दूध तिथेच लागते, खीर तिथेच करपते आणि पातेल्याच्या बुडाला तो गोल तपकिरी डाग कायमचा राहतो. यावर उपाय म्हणजे जाड बुडाचे पातेले. बुडाच्या दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमची चकती बसवलेले ‘सँडविच’ तळाचे भांडे मिळते, तर ‘ट्रायप्लाय’ भांड्यात हा मधला थर तळापासून काठापर्यंत असतो. ट्रायप्लाय महाग पडते. म्हणून सगळी पातेली तशी न घेता दूध आणि खिरीसाठी एक घेतले तरी काम भागते. चहाला आणि भाज्या उकडायला साधे पातेले चालते.

चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम, ही समजूत दुकानात अनेकदा ऐकू येते. ती अर्धवट खरी आहे. सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या ३०४ प्रतीच्या स्टीलला चुंबक सहसा धरत नाही, पण कमी निकेलच्या स्वस्त २०२ प्रतीलाही तो धरत नाही. तेव्हा प्रतीचा छाप पाहावा आणि भांडे हातात तोलून पाहावे. इंडक्शनसाठी मात्र चुंबकाची परीक्षा उलट्या बाजूने खरी ठरते. ज्या बुडाला चुंबक चिकटत नाही, ते भांडे त्या शेगडीवर तापतच नाही.

ॲल्युमिनियम हलके, स्वस्त आणि चटकन तापणारे, पण आमसूल, चिंच, टोमॅटो, ताक यांच्याशी त्याचे जमत नाही. हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यांवर कठीण थर दिलेला असतो, त्यामुळे हा त्रास कमी होतो. लोखंडी कढईत शिजवलेल्या अन्नात थोडे लोह उतरते, आंबट आणि पातळ पदार्थांत जास्त. ते शरीराला उपयोगीच आहे. वांग्याची भाजी मात्र लोखंडात काळपट होते, आणि शिजवलेली कोणतीही भाजी त्या कढईत तशीच ठेवली तर रंग आणि चव दोन्ही जातात. म्हणून कढया दोन असाव्यात. लोखंडाची परतलेल्या भाज्या आणि तळणासाठी, जाड स्टीलची रसभाज्या, आमटी आणि आंबट पदार्थांसाठी.

स्वयंपाकघरातला सर्वांत मोठा निर्णय कुकरचा. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. एरवी तूरडाळ शिजायला लागणारा वेळ त्यामुळे कितीतरी कमी होतो. पुण्याच्या उंचीवर पाणी सुमारे ९८ अंशांना, तर महाबळेश्वरला ९५-९६ अंशांना उकळते. तिथे उघड्या पातेल्यात डाळ लवकर का गळत नाही, याचे कारण हेच. वाढलेला दाब शिट्टीच्या वजनाने आवरला जातो. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडल्याची खूण, वेळ मोजण्याचे ते साधन नव्हे. मोठ्या ज्योतीवर पाच शिट्ट्या तीन-चार मिनिटांत होतात, मंद ज्योतीवर त्याच पाचांना बराच वेळ जातो. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून घड्याळाकडे पाहावे. डाळ दरवेळी सारखी शिजते आणि गॅसही वाचतो.

मराठी घरात कुकर बहुधा ‘लावला’ जातो. तळात पाणी, त्यावर जाळी, खालच्या डब्यात डाळ, वरच्यात तांदूळ. या पद्धतीला झाकण बाहेरून बसणारा कुकर सोयीचा, कारण त्याचे तोंड रुंद असते आणि डबे सरळ आत जातात. झाकण आतून बसणाऱ्या कुकरचे तोंड अरुंद असते, पण वाफेचा दाबच झाकणाला वर काठाशी रेटून धरतो. आत दाब असेपर्यंत ते उघडत नाही, हा त्याचा मोठा गुण. डाळ किंवा भाजी थेट कुकरातच शिजवणाऱ्यांना हा प्रकार बरा. चौघांच्या घराला पाच लिटरचा, दोघांना तीन लिटरचा पुरतो. थेट शिजवताना कुकर दोन तृतीयांशांपेक्षा जास्त भरू नये. डाळ-तांदळासारखे फुगणारे, फेसाळणारे पदार्थ असतील तर निम्म्यावर थांबावे, कारण वर आलेला फेस वाफेची वाट बंद करतो. घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह असणे २०२१ पासून सक्तीचे आहे. ते पाहिल्याशिवाय कुकर घेऊ नये. रबरी रिंग सैल पडली की बदलावी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा बसवावा. तळातल्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल टाकली की ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडत नाही. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. शिट्टी काढून ठेवली की हाच कुकर वाफवण्याचे भांडे होतो. मोदक, इडल्या, आळूवडीचे उंडे, कोथिंबीरवडी सगळे त्यात होते, आणि वेगळे मोदकपात्र घेण्याचा खर्च वाचतो.

तव्याच्या बाबतीत मात्र एकावर भागत नाही. पोळीला लवकर तापणारा, ज्योतीबरोबर चटकन कमीजास्त होणारा, किंचित खोलगट लोखंडी तवा हवा. भाकरीलाही तोच चालतो. भाकरीच्या वरच्या अंगाला पाणी फिरवले की तव्याची उष्णता एकदम ओढली जाते, त्यामुळे तो चांगला कडक तापलेला लागतो. नॉनस्टिक तवा इथे निरुपयोगी. त्याचा थर सुमारे २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो, आणि मोठ्या गॅसवर रिकामा ठेवलेला तवा तिथवर काही मिनिटांतच पोचतो. अंड्याची पोळी किंवा कमी तेलातले काही करायचे तर लहानसा नॉनस्टिक तवा ठेवायला हरकत नाही, पण त्याला लाकडी उलथणे लागते आणि थर ओरखडला की तो टाकूनच द्यावा लागतो.

घावन, आंबोळी, धिरडे, डोसा यांसाठी बिडाचा तवा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. हा तवा जड असतो, सावकाश तापतो, पण तापला की उष्णता धरून ठेवतो. गार पीठ पडल्यावर तो एकदम निवत नाही आणि घावनाला जाळी सुरेख पडते. नवा बिडाचा तवा लगेच वापरता येत नाही, तो तयार करावा लागतो. आधी तो घासून धुवावा आणि दोन-तीन दिवस भाताची पेज किंवा तांदळाचे धुवण त्यात ठेवून रोज बदलावे. काळे पाणी सुटायचे थांबले की तवा पुसून मंद आचेवर ठेवावा, थेंबभर तेल टाकावे आणि अर्धा कापलेला कांदा काट्याला टोचून सगळीकडे फिरवावा. तेल धुरावू लागले की गॅस बंद करावा. निवल्यावर पुसून पुन्हा तसेच. दर वेळी तेलाचा अगदी पातळ पापुद्रा तापून धातूवर घट्ट बसतो, आणि असे पापुद्रे साठले की तवा काळाभोर, तुळतुळीत होतो. पहिली तीन-चार धिरडी चिकटतात, तुटतात. तेवढ्याने हिरमुसून तवा बाजूला टाकू नये. पुढच्या आठवड्यात तोच तवा धिरडे आपणहून सोडतो. असा तवा तारेच्या घासणीने खरवडू नये. धुतल्यावर गॅसवर कोरडा करून तेलाचे बोट फिरवून ठेवावा.

बीड कठीण असले तरी ठिसूळ असते. ओट्यावरून फरशीवर पडले तर त्याचे दोन तुकडे होतात, आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतले तर तो तडकतो. थालीपीठ थेट तव्यावर थापणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. दुसरे थालीपीठ लावण्याआधी तवा नळाखाली धरून निववण्याची सवय पत्र्याच्या लोखंडी तव्याला चालते, बिडाला नाही. बिडाच्या तव्यासाठी थालीपीठ ओल्या फडक्यावर किंवा केळीच्या पानावर थापून तव्यावर उलटावे.

चिरण्यासाठी विळी की सुरी, हा सवयीचा प्रश्न आहे. विळीचे पाते जागेवर स्थिर असते आणि दोन्ही हात जिन्नस धरायला मोकळे राहतात. म्हणून पालेभाजीची जुडी, कोबी, मासळी तिच्यावर भराभर होते, आणि टोकाची खवणी नारळ खवते. जमिनीवर बसून पाटावर पाय दाबून काम करण्यासाठीच तिची घडण आहे. उभ्याच्या ओट्यावर लहान विळी मिळते, पण ती हलत नाही ना, हे विकत घेताना दाबून पाहावे. सुरी वापरायची तर वीतभर पात्याची एक आणि सोलायला एक लहान, एवढ्या पुरतात. कापायला लाकडी किंवा प्लास्टिकचा पाट घ्यावा. काच, स्टील किंवा ओट्याचा दगड यांवर धार लगेच मरते, आणि बोथट सुरीच जास्त वेळा बोट कापते, कारण तिला जोर लावावा लागतो.

वाटणासाठी मिक्सर आला आणि पाटा-वरवंटा मागे पडला. दोघांचे काम वेगळे आहे. पाट्यावर जिन्नस चिरडला जातो, मिक्सरमध्ये तो कापला जातो, म्हणून खोबऱ्याचे वाटण पाट्यावर अधिक मऊ आणि तेल सुटलेले येते. पाटा ठेवायला जागा नसेल तर निदान दगडी किंवा लोखंडी खलबत्ता ठेवावा. चार लसूण पाकळ्या, वेलदोडे, मिरी यांसाठी मिक्सरचे भांडे काढण्याची गरज उरत नाही. मिक्सर घेताना चटणीचे लहान भांडे घट्ट बसते का, हे आधी पाहावे. रोज तेच वापरात असते.

उरलेली साधने स्वस्त आणि टिकाऊ. परात अशी घ्यावी की कणीक मळताना दोन्ही हात मोकळे फिरतील. पोळपाट डुगडुगणारा नको. सांडशीची पकड दुकानातच भरल्या पातेल्यावर लावून पाहावी. उलथणे, झारा, डाव, पळी, चिमटा, किसणी, गाळणी, पिठाची चाळणी, फोडणीचे कढले, मिसळणाचा डबा, ताक करणाऱ्यांकडे रवी. सोऱ्या आणि पुरणयंत्र वर्षातून चार-पाच वेळाच निघतात. शेजारी किंवा बहिणीकडे असतील तर मागून आणण्यात काही कमीपणा नाही.

घरात आजीच्या वेळची पितळी किंवा तांब्याची पातेली असतील तर ती मोडीत घालू नयेत. जाड पितळी पातेल्यात तळ सगळीकडे सारखा तापतो, डाळ लागत नाही. अट एवढीच की आतून कल्हई हवी. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, दही, आमटी कळकते, आणि कळकलेले अन्न पोटाला बाधते. कल्हई करणारा भांडे निखाऱ्यांवर तापवतो, त्यात नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवून वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून झरझर फिरवतो आणि भांडे पाण्यात बुडवतो. काळवंडलेले पातेले क्षणात चांदीसारखे होते. कथील सुमारे २३२ अंशांनाच वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे गॅसवर ठेवू नये आणि तारेने घासू नये. आतून पितळेचा पिवळा किंवा तांब्याचा तांबूस रंग डोकावू लागला की त्यात आंबट शिजवणे थांबवावे आणि भांडे पुन्हा कल्हईला द्यावे.