अंगठा लागला का?

पाथर्डी तालुक्यात माणिकदौंडीच्या डोंगरपट्ट्यात रेशन आलं की दुकानापुढे आधी पिशव्यांची रांग लागते. पोत्यांची थप्पी भिंतीशी असते, तराजू दारात. तरी सगळ्यांची नजर असते ती टेबलावरच्या वीतभर पॉस मशीनवर. ‘रेंज आली का?’ आणि मग ‘अंगठा लागला का?’ या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय पोत्याची सुतळी सुटत नाही.

कायदा तसा सरळ आहे. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा, महाराष्ट्रात तो फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. अंत्योदय कार्डाला महिन्याला 35 किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. आधी तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलोने मिळायचा. जानेवारी 2023 पासून दोन्ही फुकट मिळतात. भाकरी बाजरीची असली, तरी बाजारातून तेवढं धान्य कमी आणावं लागतं, ही मजुराच्या घरात मोठी गोष्ट आहे.

मशीन आलं ते काळ्या बाजाराला चाप लावायला. पूर्वी दुकानदाराच्या रजिस्टरात कोणाच्याही नावापुढे सही-अंगठा उठायचा आणि धान्य परस्पर जायचं. आता रेशन कार्डाचा बारा आकडी आरसी नंबर टाकला की कार्डावरची नावं दिसतात, त्यातल्या एकाचा अंगठा आधारशी जुळला की पावती निघते. त्या पावतीवर किती किलो मिळायला हवं ते छापलेलं असतं. वाचता येणारी लेक सोबत असली की दुकानदाराला माप मारणं जड जातं. हे या यंत्राचं खरं देणं आहे आणि ते मोकळेपणी मान्य करायला हवं.

पण हा तालुका ऊसतोडीचा. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी त्याचे दोन भाग तसेच आहेत: लोणी, संगमनेर, कोपरगावकडे कारखाने आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे तोडणी करणारे हात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली जोडपी निघतात. नवरा-बायकोच्या त्या जोडीला ‘कोयता’च म्हणतात. पाच-सहा महिने कोयत्याची मूठ, पाचटाची धार, मोळीची बांधणी. मार्च-एप्रिलमध्ये परतलेल्या बाईचा अंगठा पाहिला तर रेषा झिजून गेलेल्या असतात, बोटांच्या पेरांना चिरा. ती पदराला बोट पुसते, पुन्हा काचेवर ठेवते. दुकानदार म्हणतो, ‘दुसरं बोट ठेवा.’ मग तिसरं. ज्या कष्टांमुळे हे धान्य लागतं, त्याच कष्टांनी तिची ओळख पुसलेली असते.

यावर उपाय आहेत. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. नव्या मशीनला डोळा टिपणारा कॅमेराही आहे. मात्र मोबाइल बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्याशी कॅमेऱ्याचं नेहमी जमतंच असं नाही. आधारअभावी कुणाला धान्य नाकारू नये, असं केंद्राने ऑक्टोबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं होतं. दुकानाच्या उंबऱ्यावर मात्र ते पत्र कामाला येत नाही.

तोडकऱ्यांसाठी सगळ्यात मोलाची सोय म्हणजे कार्ड कुठेही चालणं. ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ती सुरू झाली, पुढे देशभर पसरली. कारखान्याजवळच्या दुकानातून जोडप्याने आपल्या वाट्याचं उचलायचं, गावाकडे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी उरलेलं घ्यायचं, इतकं ते सोपं असायला हवं. पण उसाच्या फडातली टोळी आज इथे, पंधरवड्याने तिथे. अनोळखी दुकानदाराकडे स्वतःच्या कार्डधारकांपुरताच कोटा आलेला असतो, आणि ‘माल संपला’ हे उत्तर तपासणार कोण?

त्यात ई-केवायसी आली. धान्य घ्यायला एकाचा अंगठा पुरतो, पण आधारशी ओळख पडताळण्याच्या या कामाला कार्डावरच्या प्रत्येकाचा हवा. मुदती वाढत गेल्या ते बरंच झालं, कारण फडावर असलेल्या माणसाला तारीख कळेपर्यंत ती उलटलेली असते.

आणि ज्यांची नावंच कार्डावर नाहीत, त्यांचं काय? तहसिलीत एक शब्द वारंवार ऐकू येतो: इष्टांक, म्हणजे किती जणांना हे धान्य मिळू शकतं याची ठरलेली मर्यादा. महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागातले 76.32 टक्के आणि शहरी भागातले 45.34 टक्के लोक, एकूण सुमारे 7 कोटी. ही मर्यादा 2011 च्या जनगणनेवरून ठरली. 2021 ची जनगणना झालीच नाही, लोकसंख्या वाढली, आकडा तिथेच राहिला. म्हणून नवी सून आली, मूल झालं की अर्ज घेतला जातो आणि उत्तर मिळतं, ‘इष्टांक शिल्लक नाही.’ कुणाचं नाव कमी झालं, तर जागा होते.

पुढची जनगणना 2027 ची आहे. गणना फेब्रुवारीत व्हायची आहे, तेव्हा उसाचा हंगाम चालू असेल आणि माणिकदौंडीकडची कितीतरी घरं कुलूपबंद असतील.